जुन्या मोटारगाडीतील बंद पडलेला ब्लोअर : परीक्षण व उपाय

गोमंतकात मोटारगाडीत ऊब देणाऱ्या यंत्रणेची आवश्यकता काय, असा प्रश्न कोणीही विचारील. आणि केवळ थंडीचा विचार केल्यास तो रास्तच आहे. परंतु या यंत्रणेतील पंखा, ज्याला सर्वत्र ब्लोअर म्हणतात, तो आपल्याकडे उबेपेक्षा दृष्टीसाठी अधिक उपयोगी पडतो. जून ते सप्टेंबर या काळात येथे पावसाची संततधार असते. चोपड्याहून मोरजीकडे किंवा आगरवाड्याकडे रात्री जाताना काचा बंद कराव्याच लागतात. पावसाने समोरची काच थंड होते, आत बसलेल्यांच्या श्वासातील व ओल्या कपड्यांतील बाष्प तिच्यावर आतून साचते, आणि थोड्याच वेळात रस्ता दिसेनासा होतो. शिवोली-चोपडे पूल होण्यापूर्वी फेरीबोटीच्या रांगेत उभ्या असलेल्या गाडीत हा अनुभव ज्यांनी घेतला असेल त्यांना अधिक सांगणे नलगे.

ब्लोअर ही काच दोन प्रकारे स्वच्छ ठेवतो. इंजिनाच्या गरम पाण्यावर तापलेली हवा तो काचेवर सोडतो, त्यामुळे काच तापते; शिवाय तापलेली हवा अधिक बाष्प धारण करू शकते. वातानुकूलित गाडीत बहुधा हाच पंखा थंड व कोरडी हवाही ढकलतो. म्हणून तो बंद पडल्यास दोन्ही सोयी एकदमच जातात.

मारुती ८०० या गाडीचे उत्पादन १९८३ मध्ये सुरू झाले व २०१४ च्या आरंभी थांबले. तरी तिच्यासारख्या जुन्या गाड्या खेड्यापाड्यांत अद्याप वापरात आहेत. अशा गाडीचा ब्लोअर बंद पडला की 'मोटर गेली' असे निदान तत्काळ होते व नवी मोटर बसविली जाते. प्रस्तुत लेखकानेही एकदा हा खर्च केला. नवी मोटरही फिरेना, तेव्हा खरा दोष गंजलेल्या जोडणीत असल्याचे उघड झाले.

प्रथम पंखा कोणत्या वेगावर बंद आहे ते पाहावे. केवळ सर्वांत मोठ्या वेगावर तो चालत असेल, तर मोटर चांगली असून रोधक, म्हणजे रेझिस्टर, जळालेला आहे असे बहुधा समजावे. लहान वेगांसाठी वीज या रोधकातून जाते. पूर्ण वेगावर ती त्याला वगळून थेट मोटरला मिळते. शिक्षकबंधूंना ओहमचा नियम शिकविताना हे उदाहरण वर्गात उपयोगी पडेल.

कोणत्याही वेगावर पंखा चालत नसल्यास फ्यूज पाहावा. तो जळाला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. येथे एक गोष्ट निक्षून सांगणे आवश्यक आहे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या वेष्टनातील चांदी कदापि घालू नये. फ्यूज पुन्हा पुन्हा जळत असेल, तर मोटर जड फिरत आहे, तिच्यात वाळलेली पाने किंवा उंदराचे घरटे अडकले आहे, अथवा एखादी तार पत्र्याला टेकली आहे. तारेने फ्यूजचे काम भागविल्यास ती उष्णता वायरिंगमध्ये उतरते व गाडी पेट घेऊ शकते. आंब्या-फणसाखाली गाडी ठेवणाऱ्यांनी काचेखालची जाळी पावसाळ्यापूर्वी साफ करावी.

फ्यूज शाबूत असल्यास मोटरवर हलकेच टिचकी मारावी. पंखा क्षणभर फिरला, तर कार्बन ब्रश झिजले आहेत.

याउपर दिव्याने तपासणी करावी. मोटरची जोडणी सोडवून, चावी व ब्लोअरचे बटण पूर्ण वेगावर ठेवून, तारांच्या बाजूच्या दोन टोकांमध्ये १२ व्होल्टचा दिवा धरावा. तो प्रखर पेटला तर वीज येत आहे, दोष मोटरचा आहे. न पेटल्यास दिव्याचे एक टोक गाडीच्या स्वच्छ खरवडलेल्या पत्र्याला लावून दुसरे टोक आळीपाळीने दोन्ही तारांना लावावे. एका तारेवर दिवा पेटला तर वीज येते, पण तिचा परतीचा मार्ग तुटला आहे. कित्येक गाड्यांत बटण व रोधक याच मार्गावर असतात. कोणत्याच तारेवर न पेटल्यास फ्यूजपासून मोटरपर्यंतचा मार्ग शोधावा.

या कामी लहान दिवा मात्र फसवतो. चोपड्यासारख्या खाडीकाठच्या गावी खाऱ्या दमट हवेने तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो. त्या थरातून लहान दिव्यापुरती वीज जाते, परंतु मोटरला सुमारे १० अँपिअर लागतात, तेवढी जात नाही. दिवा पेटतो, पंखा फिरत नाही, आणि निर्दोष मोटर भंगारात जाते. म्हणून हेडलाइटचा जुना, पण चालू बल्ब दोन तारा जोडून वापरावा. तो ५ अँपिअरच्या आसपास वीज घेतो व दुबळी जोडणी मंद प्रकाशाने उघडी पाडतो. अशी टोके बॅटरीची ऋण तार सोडून मगच बारीक पॉलिश कागदाने घासावी, घट्ट बसवावी व त्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा.

दुरुस्ती होईपर्यंत पावसात प्रवास करणे भाग पडल्यास ओल्या छत्र्या डिकीत ठेवाव्या, मागची काच बोटभर उघडी ठेवावी आणि काच धूसर होताच गाडी कडेला थांबवून ती कोरड्या सुती फडक्याने पुसावी. चालत्या गाडीत एका हाताने काच पुसणे धोक्याचे आहे.