घरटी वर्गणी, गावाचा पडदा

१. वर्गणीचे बळ

गावात मारुतीचे देऊळ बांधावयाचे असले, की आपण काय करतो? वर्गणी काढतो. हरिनाम सप्ताह असो, जत्रा असो, कुस्त्यांचा फड असो, घरटी वर्गणी ठरते. कुणी रोख देतो. कुणी पायलीभर ज्वारी देतो. ज्याच्याजवळ द्यायला काही नसते, तो मांडव घालायला हात लावतो. अशा रीतीने काम तडीस जाते. मग ते काम कुणा एकाचे राहत नाही. ते गावाचे होते.

आता सिनेमाचे पाहा. सिनेमा आपल्याला सर्वांनाच आवडतो. पूर्वी जत्रेत तंबूतला सिनेमा येई. आपण जमिनीवर बसून तो पाहत असू. पुढे तो घरातल्या टीव्हीवर आला. आता तो हातातल्या मोबाईलवर आला आहे. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट बदलली नाही. आपण केवळ पाहणारे राहिलो. काय दाखवायचे, हे दुसराच कुणी ठरवतो. का बरे? कारण पैसा त्याचा असतो. ज्याचा पैसा, त्याचा पडदा. हिशेब सरळ आहे.

मग देवळाला जी रीत, तीच पडद्याला लावली तर? घरटी वर्गणी काढून गावाने स्वतःच चित्रपटांची जत्रा भरवली तर? शहरात अशा जत्रेला चित्रपट महोत्सव म्हणतात. कुणी म्हणेल, "गुरुजी, हे आपलं काम न्हाई. ते मुंबईवाल्यांचं काम." असे म्हणणाऱ्याने पुढच्या तीन गोष्टी वाचाव्या. पहिली गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली आहे. दुसरी केरळातली आहे. तिसरी उत्तर प्रदेशातली आहे. तिन्ही खऱ्या आहेत.

२. मालेगावचे सिनेमावाले

नाशिक जिल्ह्यात मालेगाव आहे. हे यंत्रमागांचे गाव. दिवसरात्र मागांची खडखड चालते. शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी कामगाराला सुट्टी. मग तो काय करणार? सिनेमा पाहणार. मालेगावकरांना सिनेमाचे भारी वेड.

या गावात शेख नासिर नावाचे एक गृहस्थ व्हिडिओवर सिनेमे दाखवीत. चित्रपट काढण्याच्या शाळेत ते कधी गेले नाहीत. पाहून पाहूनच शिकले. त्यांच्या मनात आले, की आपणच एक सिनेमा काढावा. २००० सालच्या सुमारास त्यांनी "मालेगाव के शोले" नावाचा चित्रपट काढला. खर्च किती? सुमारे पन्नास हजार रुपये. मुंबईच्या मोठ्या चित्रपटात एवढे पैसे एका दिवसालाही पुरत नाहीत.

मग त्यांनी निभावले कसे? मूळच्या "शोले"त डाकू घोड्यांवरून येतात. मालेगावात घोडे कुठले? इथले डाकू सायकलींवर बसले! नट कोण? मागावरचे कामगार आणि गावचे दुकानदार. पुढच्या चित्रपटाच्या वेळी कॅमेरा वर उचलायला यंत्र नव्हते. तेव्हा बैलगाडीचा उपयोग केला. कॅमेरा पुढे सरकवायचा, तर सायकल हजर होतीच. लोकांनी आपलेच शेजारी पडद्यावर पाहिले आणि पोट धरून हसले.

स्त्रियांची भूमिका करायला गावातले कुणी तयार होईना. त्यासाठी बाहेरगावच्या नट्या आणाव्या लागल्या. यात नवल नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली "राजा हरिश्चंद्र" काढला, तेव्हाही तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती.

या हसण्याचे मोल जाणून घ्या. मालेगावातून मोसम नदी वाहते. एका काठाला बहुतेक मुसलमान वस्ती. दुसऱ्या काठाला बहुतेक हिंदू. २००१ साली तिथे दंगल झाली. २००६ साली बाँबस्फोट झाले. निरपराध माणसे मेली. बाहेरच्या लोकांना मालेगाव म्हटले, की तेवढेच आठवे. अशा दिवसांतही गावची ही पोरे हसवणारे सिनेमे काढीत राहिली. मागावरचा एक काडीसारखा सडपातळ कामगार त्यांनी "सुपरमॅन" केला आणि त्याला आभाळात उडवला.

हा चित्रपट कसा तयार झाला, त्याची खरीखुरी हकीकत फैजा अहमद खान या बाईंनी चित्रित केली. २००८ सालचा तो माहितीपट देशोदेशींच्या महोत्सवांत गेला. पुढे रीमा कागती यांनी मालेगावच्या या मंडळींवर मोठा चित्रपट काढला. तो २०२४ साली कॅनडातल्या टोरांटो शहराच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २०२५ साली आपल्याकडे लागला. जगाने मालेगावची दुसरी ओळख पाहिली. ती ओळख गावाने स्वतः करून दिली होती.

यावरून एक गोष्ट कळते. चित्रपट काढायला मुंबईच लागते असे नाही. पण पैसा उभा कसा करावा? त्याचे उत्तर केरळात मिळते.

३. केरळातील चिल्लर

केरळात जॉन अब्राहम नावाचे एक दिग्दर्शक होऊन गेले. आधी ते विमा कंपनीत नोकरीला होते. ती सोडून ते आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. त्यांना वाटे, की शेठजीच्या पैशाने सिनेमा काढला, तर सिनेमा शेठजीचा होतो. लोकांचा सिनेमा लोकांच्या पैशाने निघाला पाहिजे.

१९८४ साली त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कोझिकोड येथे एक मंडळ काढले. त्याचे नाव ओडेसा. हे लोक प्रोजेक्टर घेऊन गावोगाव फिरत. रात्री पडदा लावीत आणि चार्ली चॅप्लिनचा १९२१ सालचा "द किड" हा चित्रपट दाखवीत. त्या चित्रपटात बोलणेच नाही. एक फाटका माणूस रस्त्यात सापडलेले पोर वाढवतो, एवढी गोष्ट. भाषा कळायला नको. वाचता यायला नको. परक्या मुलखातल्या त्या पोराला बापापासून ओढून नेतात, तेव्हा केरळातल्या आईच्या डोळ्यांतही पाणी येते. माणसाचे दुःख सगळीकडे सारखेच. ते ओळखायला दुभाष्या लागत नाही.

खेळ झाला, की मंडळाचे लोक प्रेक्षकांपुढे हात पसरीत. ज्याला जे परवडे, ते तो देई. दारोदारही वर्गणी मागितली. अशा चिल्लर पैशातून १९८६ साली "अम्मा अरियान" हा चित्रपट तयार झाला. नावाचा अर्थ असा, की आईला कळावे म्हणून.

त्याची गोष्टही सांगण्यासारखी आहे. एका तरुणाला वाटेत एका मुलाचे प्रेत दिसते. हा मुलगा कोण, याचा शोध तो घेतो. त्याच्या आईला ही बातमी कळवलीच पाहिजे, असे तो ठरवतो. वायनाडच्या डोंगरापासून कोचीपर्यंत तो प्रवास करतो. गावागावांतून एकेक जण सोबत येतो. आईच्या दारी पोचेपर्यंत मोठा जमाव झालेला असतो. वारीत दिंडीला दिंडी मिळत जाते ना? तसेच. फरक एवढा, की इथे माणसे एका आईच्या दुःखासाठी एकत्र आली.

हा चित्रपटही गावोगाव नेऊन दाखवला. १९८७ साली जॉन अब्राहम अपघातात वारले. पण लोकांच्या चिल्लर पैशातून चित्रपट निघतो, हे ते दाखवून गेले.

४. गोरखपूरची जत्रा

आता उत्तरेकडे जाऊ. नवनाथांतल्या गोरक्षनाथांच्या नावाचे गोरखपूर शहर उत्तर प्रदेशात आहे. तिथे २००६ सालच्या मार्च महिन्यात एक चित्रपट महोत्सव सुरू झाला. जन संस्कृती मंच या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी आणि गावच्या लोकांनी तो भरवला. त्यांनी एक नियम केला. कंपनीचा पैसा घ्यायचा नाही. सरकारचाही घ्यायचा नाही. लोकांच्या वर्गणीतूनच सारे करायचे.

हा नियम का केला? पैसे देणारा कारखानदार असला, तर कारखान्याच्या घाण पाण्यावरचा चित्रपट पडद्यावर येईल का? तुम्हीच सांगा. शेतकरी, मजूर, स्त्रिया आणि आदिवासी यांच्या जगण्यावर ज्यांनी चित्रपट काढले, त्यांना इथे जागा मिळाली. ही रीत पाहून पाटणा, लखनौ, नैनिताल, भिलाई, उदयपूर अशा गावांतही असे महोत्सव भरले.

५. आपल्या गावी करावयाचे तर

आता आपल्या गावाचा विचार करू. दोन रात्रींची जत्रा पुरे. सुगी आटोपल्यावर करावी. पाऊस नसतो आणि हात मोकळे असतात. त्यासाठी या गोष्टी लागतात.

पहिली गोष्ट, एक समिती. तीत प्रत्येक आळीचा आणि प्रत्येक वस्तीचा माणूस असावा. निम्म्या बाया असाव्या.

दुसरी गोष्ट, सामान. चुना दिलेली भिंत किंवा ताणून बांधलेली पांढरी चादर हाच पडदा. प्रोजेक्टर आणि ध्वनिक्षेपक भाड्याने मिळतात. वीज गेली तर काय, याची सोय आधीच करावी.

तिसरी गोष्ट, परवानगी. ज्याने चित्रपट काढला, त्याला विचारल्याशिवाय तो दाखवू नये. दुसऱ्याच्या शेतातले कणीस आपण विचारल्याशिवाय मोडतो का? लोकांत चित्रपट दाखवण्याबद्दल १९५२ सालचा कायदा आहे. त्याची चौकशी तहसील कचेरीत करावी. पोलीस ठाण्यालाही कळवावे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. म्हणून अंधार पडताच खेळ सुरू करावा.

चौथी गोष्ट, गावचे चित्रपट. गावात मोबाईल घरोघरी आहेत. पोरे त्यावर दिवसभर नाच पाहतात. त्यांना सांगावे, "दहा मिनिटांचं चित्र काढून आणा." विहिरीवर पहाटे उठून जाणाऱ्या बाईचे काढा. मेंढरे घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगराचे काढा. ऊसतोडीला गेलेल्या घरामागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचे काढा. मात्र ज्याचे चित्र काढायचे, त्याला आधी विचारावे. त्याची थट्टा करू नये.

पाचवी गोष्ट, लिहिणे. इथे तुमचे नवे शिक्षण कामाला येईल. जाहिरातीचा फलक तुम्ही लिहा. वर्गणीची पावती तुम्ही फाडा. जमाखर्च तुम्ही मांडा. शेवटच्या रात्री पडद्यासमोर उभे राहून तो मोठ्याने वाचा. जमा इतकी, खर्च इतका, शिल्लक इतकी. हिशेब वाचला, की संशय मिटतो. संशय मिटला, की पुढच्या साली वर्गणी न मागता येते.

६. एकाच जमिनीवर

आता सर्वांत अवघड गोष्ट सांगतो. पडदा बांधणे सोपे आहे. माणसे बसवणे कठीण आहे.

गावातला एखादा पुढारी म्हणेल, "पाच हजार देतो. माझं नाव पडद्यावर लावा, आणि खुर्ची म्होरं ठेवा." समितीला मोह पडेल. पाच हजारांत खर्च भागतो! पण त्याच घटकेला दहा रुपये देणारी बाई मागे सरकते. ती म्हणते, "हा त्यांचा सिनेमा, आपला न्हवं." पुन्हा ज्याचा पैसा, त्याचा पडदा झाला. म्हणून वर्गणीला वरची मर्यादा ठेवावी. त्याहून जास्त कुणाचेही घेऊ नये. खर्च जास्त होत असेल, तर खर्च कमी करावा. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांखेरीज कुणालाही खुर्ची देऊ नये. पडदा कुणाच्या वाड्यासमोर नको. तो शाळेच्या पटांगणात लावावा. तिथे यायला कुणाचेही पाऊल अडखळत नाही.

अंधार झाला, की कोण कुठल्या आळीचा, ते दिसत नाही. सर्वांची तोंडे एकाच उजेडाकडे असतात. हसू आले, की सर्वांना एकदम येते. मग पडद्यावर ऊसतोडीवाल्याचे घर दिसते. त्याचे कुलूप दिसते. ओसरीवर एकटी बसलेली म्हातारी दिसते. आपण तिच्या दारावरून रोज जातो, पण थांबत नाही. पडद्यावर मात्र पाहावेच लागते. दुसऱ्या दिवशी कुणी तरी तिच्या ओसरीवर भाकरी नेऊन देतो. असे एका माणसाने जरी केले, तरी वर्गणी फिटली असे समजावे.

माणुसकी एक आहे, असे आपण कीर्तनात ऐकतो. मान हलवतो. घरी येतो, आणि आळीआळीची कुंपणे तशीच राहतात. एका पडद्याने ती सारी पडतील, असे आम्ही म्हणत नाही. पण कुंपणापलीकडे कोण राहते, ते निदान दिसेल. जो दिसतो, त्याचा द्वेष करणे थोडे अवघड जाते.

तर मंडळी, येत्या सुगीनंतर आपल्या गावात पडदा कोण बांधणार?

प्रश्न

१. "ज्याचा पैसा, त्याचा पडदा" म्हणजे काय? आपल्या गावातले एक उदाहरण सांगा.
२. मालेगावच्या मंडळींनी घोड्यांऐवजी काय वापरले?
३. वर्गणीला वरची मर्यादा का ठेवावी?
४. तुमच्या वस्तीतील कुणाच्या जगण्याचे चित्र काढावेसे वाटते? पाच ओळी लिहा.
५. दोन रात्रींच्या जत्रेला काय काय खर्च येईल, त्याची यादी करा आणि बेरीज मांडा.