गॅरेजच्या दाराची तुटलेली स्प्रिंग घरी बदलावी का?

प्रश्न : आम्ही दोघं सध्या मुलाकडे न्यू जर्सीत, एडिसनला आलो आहोत. गेल्या आठवड्यात पहाटे गॅरेजमध्ये एवढा मोठा आवाज झाला, की कपाट कोसळलं असंच वाटलं. जाऊन पाहिलं तर सगळं जागच्या जागी. सकाळी मुलाने बटण दाबलं, तेव्हा दार वीतभर उचललं जाऊन थांबलं. मग लक्षात आलं, दाराच्या वर आडव्या दांड्यावर दोन जाड स्प्रिंगा आहेत, त्यांतली एक तुटून तिचे दोन भाग झाले आहेत. मुलगा म्हणतो, ‘बाबा, स्प्रिंग ऑनलाइन मिळते, व्हिडिओही आहेत, शनिवारी आपणच बसवू.’ मी साखर कारखान्यात फिटर होतो, हत्यारांची मला भीती नाही. पण शेजारी म्हणतात, अजिबात हात लावू नका. एका स्प्रिंगमध्ये एवढं घाबरण्यासारखं काय आहे? आणि मोटर शाबूत असताना दार उचललं का जात नाही?

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलेलं आहे. दार मोटर उचलतच नाही. दोन गाड्यांच्या गॅरेजचं दार साधारण १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असतं. साधं पत्र्याचं असलं तरी ते ६५-७० किलोंच्या घरात जातं. आत थंडी अडवणारा थर असेल, तर शंभर किलोंच्या आसपास. छताला टांगलेली मोटर बहुतेक घरांत अर्ध्या हॉर्सपॉवरची असते. तिचं काम दाराला पुढे-मागे सरकवण्याचं. भार पेलतात त्या स्प्रिंगा. तराजूच्या एका पारड्यात दार आणि दुसऱ्यात स्प्रिंगचा पीळ, अशी ही रचना आहे. दुसरं पारडं हलकं झालं की मोटरवर अचानक मोठा भार येतो, मध्ये काहीतरी अडकलं असं समजून ती थांबते. तुमच्याकडे झालं ते हेच, आणि ती थांबली हे बरंच झालं.

अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी वर उचललं जाणारं दार आणलं ते १९२१ साली. त्याला विजेची मोटर जोडली १९२६ साली. मधली पाच वर्षं लोक हे दार हातानेच उघडत होते, आणि आजही वीज गेली की उघडतात. स्प्रिंग ठीक असेल तर घरातलं कोणीही एका हाताने दार वर नेऊ शकतं.

आता या स्प्रिंगकडे जरा जवळून पाहू. दाराच्या वरच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक ड्रम असतो. त्यावरून तारेचा दोर खाली येतो आणि दाराच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यातल्या ब्रॅकेटला अडकवलेला असतो. दार खाली येतं तसा दोर ड्रमवरून सुटतो, दांडा फिरतो आणि स्प्रिंगला पीळ बसतो. दार वर जाताना तोच पीळ उलगडतो आणि दोर ओढून घेतो. यात एक सुंदर मेळ आहे. दार वर जाताना त्याची एकेक फळी वळून छताजवळच्या आडव्या रुळावर जाते, म्हणजे दोरावर लोंबणारं वजन कमी होत जातं. पीळ उलगडत जातो तसा स्प्रिंगचा जोरही कमी होत जातो. दोन्ही सोबतीने उतरतात, म्हणूनच नीट जुळवलेलं दार अर्ध्यावर सोडलं तरी तिथेच उभं राहतं.

तुम्ही फिटर, म्हणून थोडा हिशेब मांडतो. ड्रमचा व्यास साधारण ४ इंच, म्हणजे घेर साडेबारा इंच. दार ७ फूट, म्हणजे ८४ इंच. दांड्याच्या पावणेसात फेऱ्या झाल्या. दार पूर्ण वर असतानाही दोर ढिला पडू नये म्हणून थोडा जास्तीचा पीळ ठेवतात. म्हणून अशा दाराच्या स्प्रिंगला सुमारे साडेसात फेऱ्यांचा पीळ दिलेला असतो. तो देण्यासाठी स्प्रिंगच्या टोकाला ओतीव कोन असतो आणि त्यात चार भोकं असतात. एका भोकात दीड फुटाची पोलादी कांब घालून पाव फेरा द्यायचा. ती तशीच धरून दुसरी कांब पुढच्या भोकात घालायची, भार तिच्यावर घ्यायचा आणि मगच पहिली काढायची. असे तीस पाव फेरे. सगळे झाले की कोनाचे स्क्रू आवळून तो दांड्यावर पक्का करायचा.

खरा फसवा भाग इथेच आहे. दीड फुटाच्या कांबेच्या टोकाला हाताला जाणवतो तो जोर फार नसतो. दोन स्प्रिंगांच्या दाराला शेवटच्या फेऱ्यातही तो चार-पाच किलो भरेल, एकाच स्प्रिंगचं दार असेल तर त्याच्या दुप्पट. गाडीच्या चाकाचा नट आवळायला याहून जास्त जोर लागतो. त्यामुळे माणूस म्हणतो, यात काय विशेष? पण दोन्ही स्प्रिंगांमध्ये मिळून साठलेली ताकद ७० किलोंचं ओझं एक मीटर उचलण्याएवढी असते, कारण रोज ती तेवढंच काम करते. कांब निसटली, तर साडेसात फेऱ्यांत हळूहळू भरलेली ती ताकद क्षणात बाहेर पडते. कांब पंख्याच्या पात्यासारखी फिरते, आणि समोर बोट, मनगट किंवा चेहरा असेल तर त्याची गय होत नाही. कांबेऐवजी स्क्रू-ड्रायव्हर वापरला, कांब भोकात पुरती आत गेली नाही, किंवा माणूस बाजूला न राहता कोनासमोर शिडी लावून उभा राहिला, की असे अपघात होतात.

तुमच्या घरात आणखी एक गोष्ट आहे, ती मुलाला आवर्जून सांगा. तुटलेली स्प्रिंग आता निरुपद्रवी आहे, तिच्यात पीळ उरलेला नाही. धोका आहे तो न तुटलेल्या स्प्रिंगचा. दार बंद असताना तिच्यात पूर्ण पीळ असतो. दोन्ही एकाच दिवशी बसवलेल्या असल्यामुळे तिचंही आयुष्य संपत आलेलं आहे. म्हणून जोडीने बदलायच्या, म्हणजे आधी तिचा पीळ उलगडणं आलंच. पीळ असताना तिच्या कोनाचा स्क्रू कोणी सहज ढिला करून पाहिला, तर पुढचं सांगायला नको.

आणि ऑनलाइन मिळणारी स्प्रिंग नेमकी कोणती मागवणार? स्प्रिंगची ताकद तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. या कामात ०.२२५ इंची आणि ०.२३४ इंची अशा दोन्ही तारा सर्रास वापरतात. फरक पाव मिलिमीटरही नाही, पण दुसरीची ताकद सुमारे १७ टक्क्यांनी जास्त. म्हणून जाणकार एक वेढा कधी मोजत नाहीत. दहा किंवा वीस वेढ्यांची एकत्र लांबी मोजून भागाकार करतात. शिवाय आतला व्यास, पूर्ण लांबी आणि वेढा उजवा की डावा हेही पाहावं लागतं. उजव्या-डाव्याची अदलाबदल झाली, तर पीळ बसण्याऐवजी स्प्रिंग उलगडत जाते.

तेव्हा माझं उत्तर शेजाऱ्यांच्याच बाजूचं आहे. हे काम तुम्हाला जमणार नाही असं मी म्हणत नाही. कारखान्यात नवीन माणसाला वाफेच्या लाइनवर पहिल्याच दिवशी एकटं सोडत नव्हते, त्याच शहाणपणाने हेही पाहा. शिकायचं असेल तर टेक्निशियन येईल तेव्हा चार पावलं दूर उभं राहून नीट पाहा.

तो येईपर्यंत दार बंदच राहू द्या आणि मोटरचं बटण दाबू नका. मोटरपासून दार सोडवणारी लाल दोरी छताला लोंबत असते. स्प्रिंग तुटलेली असताना दार उघड्या स्थितीत असेल, तर ती कधीही ओढू नये. सगळं दार एकदम खाली येतं. गाडी आत अडकली असेल आणि काढणं भागच असेल, तर आधी दोन्ही दोर ड्रमवर नीट बसले आहेत का, दार तिरकं झालेलं नाही ना, ते पाहा. काही वावगं दिसलं तर विचार सोडून द्या. सगळं सरळ असेल तर दार बंद असतानाच लाल दोरी ओढावी आणि दोघा-तिघा धडधाकट माणसांनी ते हळूहळू उचलावं. खालच्या चाकाखाली दोन्ही रुळांवर क्लॅम्प पक्के आवळावेत आणि मगच गाडी काढावी. मुलांना त्या वेळी घरात ठेवा.

तुम्ही बिनधास्त करू शकाल अशीही बरीच कामं आहेत. नियम एकच : ज्याच्यावर ताण आहे त्याला हात लावायचा नाही. स्प्रिंग, दोर, ड्रम आणि दोर अडकवलेलं खालच्या कोपऱ्यातलं ब्रॅकेट ही चार ठिकाणं वर्ज्य. त्या ब्रॅकेटचे बोल्ट साधे दिसतात, पण ते काढले की दोर सुटून फटका देतो. बाकी बिजागऱ्यांचे ढिले नट आवळा, झिजलेली बिजागरी ओळखून ठेवा, रूळ कोरड्या फडक्याने पुसा. बिजागऱ्या, चाकांची बेअरिंग आणि स्प्रिंगचे वेढे यांवर सिलिकॉन किंवा लिथियम ग्रीसचा स्प्रे मारायला हरकत नाही. रुळांना मात्र तेल लावू नका, त्यावर धूळ चिकटते. मुलाच्या घरी पुढे-मागे दुसऱ्या प्रकारचं दार आलं आणि त्याच्या स्प्रिंगा आडव्या रुळांना समांतर ताणलेल्या असल्या, तर प्रत्येकीच्या पोटातून सुरक्षेचा दोर ओवलेला आहे ना, एवढं पाहून घ्या. अशी स्प्रिंग तुटली की तिचे तुकडे त्या दोरामुळे जागच्या जागी राहतात.

मोटरची तपासणीही घरच्या घरी होते. १ जानेवारी १९९३ नंतर तयार झालेल्या घरगुती मोटरींना अमेरिकेत माणूस अडकू नये अशी सोय सक्तीची आहे. बहुतेक ठिकाणी दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून सहा इंचांच्या आत समोरासमोर दोन छोटे डोळे असतात. स्प्रिंगचं काम झाल्यावर दार खाली येत असताना त्यांच्यामधून केरसुणीचा दांडा फिरवा. दार थांबून परत वर गेलं पाहिजे. मग दाराखाली दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवा. तिला टेकताच दार उलटं फिरलं पाहिजे. या दोन्हींत दार नापास झालं, तर दुरुस्ती होईपर्यंत मोटर बंद ठेवा.

टेक्निशियनला तीन गोष्टी विचारा. दोन्ही स्प्रिंगा बदलतोस ना? तार किती जाडीची आणि का? आयुष्य किती? साधी स्प्रिंग १०,००० वेळा उघडबंद होण्यासाठी बनवलेली असते. दिवसातून चार वेळा दार वापरलं तर ती सात वर्षं पुरते. अमेरिकेत अनेक घरांची जा-ये गॅरेजमधूनच असते. आठ वेळा वापरलं तर साडेतीन वर्षं. थोडे पैसे जास्त देऊन २५,००० वेळांची स्प्रिंग मिळते, ती परवडते. काम संपलं की त्याच्यासमोर दार बंद करून लाल दोरी ओढा, दार हाताने अर्ध्यापर्यंत न्या आणि सोडा. ते जागेवर थांबलं तरच पैसे द्या. खाली घसरलं तर पीळ कमी आहे, आपोआप वर गेलं तर जास्त.

प्रश्न : सांगलीत माझं दुकान आहे. शटर अलीकडे फार जड झालंय. वरच्या पेटीत स्प्रिंगा असतात असं ऐकलं. वरच्या गॅरेजच्या दाराचे नियम आमच्या शटरलाही लागू होतात का?

उत्तर : होतात. हाताने ओढायच्या शटरच्या वरच्या पेटीत एक पाइप असतो आणि त्यावर उच्च ताकदीच्या पोलादी तारेच्या स्प्रिंगा बसवलेल्या असतात. शटर खाली ओढलं की त्यांना पीळ बसतो. पट्ट्या वर गुंडाळल्या जातात तसं लोंबणारं वजन कमी होतं आणि पीळही उतरतो. हिशेब तोच, फक्त पट्ट्या रुळावर न जाता पाइपवर गुंडाळतात.

शटर जड झालं की आधी बाजूच्या गाइडमध्ये अडकलेला कचरा काढा, वाकलेली पट्टी शोधा. तेवढ्यावर काम भागलं तर उत्तम. पण शटर निम्म्यावर सोडताच धाडकन खाली येत असेल, तर स्प्रिंग थकली किंवा तुटली आहे, असं समजा. अशा शटरखाली लोखंडी नळीचा टेकू दिल्याशिवाय वाकून आत-बाहेर करू नका, दुकानातल्या पोरालाही करू देऊ नका. पेटीचा पत्रा उघडायचं काम शटरच्या मिस्त्रीचं. तो पाइप खोलण्याआधी शटर कुठे आणि कसं अडकवून ठेवतो, तेवढं मात्र पाहा. शटर पक्कं बांधल्याशिवाय बोल्टला पाना लावणारा मिस्त्री असेल, तर त्याला खाली उतरवा आणि दुसरा बोलवा.