चार्ट एकच, पण प्रत्येकाला त्याचा भाग: फिल्टर व्ह्यूने जबाबदारी कशी स्पष्ट करायची?

या व्हिडिओत आपण किराणा दुकानाच्या होम डिलिव्हरीचा पूर्ण फ्लोचार्ट काढला. व्हॉट्सॲपवर ऑर्डर येण्यापासून रोकड जमा होईपर्यंत. मालकासाठी तो उत्तम आहे. पण डिलिव्हरीच्या मुलाला त्यात स्वतःचं काम शोधावं लागतं, आणि मग एखादी पिशवी राहिली की आपलं ठरलेलं वाक्य: "मला वाटलं तो करणार होता!"

उपाय म्हणजे नवा चार्ट काढणं नाही. तोच चार्ट प्रत्येकाला गाळून दाखवायचा.

डब्याच्या झाकणावरचा धडा

मुंबईत महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये डबे पोचवायला सुरुवात केली. पुढे आपल्या मुळशी, मावळ, खेड भागातल्या माणसांनी हे काम उचलून धरलं. डबा प्रवासात अनेक हातांतून जातो, पण झाकणावरचा कोड एकच. डबा कोणत्या भागात उतरवायचा ते एका ठळक आकड्यावरून कळतं. इमारत, मजला आणि तिथे डबा देणारा माणूस वेगळ्या खुणांवरून कळतात. परत कोणत्या स्टेशनला न्यायचा, ते रंग आणि आकारावरून. ज्याला जेवढं लागतं तेवढंच तो वाचतो. माहिती पूर्ण, नजर मात्र आपल्या भागावर. फिल्टर व्ह्यू म्हणजे हेच.

गूगल शीट्समध्ये असं करा

१. चार्टमधली प्रत्येक पायरी एका ओळीत लिहा. रकाने पाच: क्रमांक, काम, कोण करतो, कोणाकडून येतं, पुढे कोणाकडे जातं.

२. "कोण करतो" मध्ये माणसाचं नाव नको, भूमिका लिहा: काउंटर, माल काढणारा, डिलिव्हरी, मालक. माणूस सुट्टीवर गेला तरी भूमिका राहते.

३. डेटा मेनूमधून नवा फिल्टर व्ह्यू तयार करा, "कोण करतो" मध्ये एकच भूमिका निवडा आणि व्ह्यूला तेच नाव द्या. साधा फिल्टर लावला तर सगळ्यांची स्क्रीन बदलते. फिल्टर व्ह्यूमध्ये दुसऱ्याचं काही हलत नाही.

४. त्या व्ह्यूची लिंक त्या माणसाला पाठवा.

ड्रॉ डॉट आयओमध्ये चित्र काढत असाल तर प्रत्येक भूमिकेला वेगळा लेयर द्या. दोन भूमिकांना जोडणारे बाण मात्र स्वतंत्र लेयरवर ठेवा आणि तो कधीच लपवू नका.

आता मालकाने तीन फिल्टर लावायचे

*रिकामे रकाने:* "कोण करतो" कोरं असलेल्या ओळी बघा. ऑर्डरमधली तूरडाळ संपली असेल तर ग्राहकाला फोन कोण करणार? बहुतेक दुकानांत ही पायरी कुणाचीच नसते. ग्राहक तुटतो तो इथेच.

*दोन नावं:* "काउंटर/डिलिव्हरी" असं लिहिलंय? म्हणजे कुणीच जबाबदार नाही. हात दोघांचे लागू देत, उत्तर देणारा एकच ठरवा.

*फक्त मालक:* हा व्ह्यू सगळ्यात लांब निघाला, तर तुम्ही आजारी पडलात की दुकान थांबणार. त्यातली दोन कामं आजच दुसऱ्याकडे सोपवा.

दोन गोष्टी सांभाळा

गाळताना "कोणाकडून" आणि "कोणाकडे" हे रकाने लपवू नका. गोंधळ कामात कमी आणि काम हातातून हातात जाताना जास्त होतो. आणि फिल्टर म्हणजे कुलूप नव्हे. शीट उघडता येणाऱ्याला बाकीच्या ओळीही दिसू शकतात. पगार, खरेदीचा भाव असलं काही त्यात ठेवू नका.

गृहपाठ: आज दुकान बंद केल्यावर फक्त होम डिलिव्हरीच्या पायऱ्या लिहा आणि पहिला फिल्टर रिकाम्या रकान्यांवर लावा. जी ओळ दिसेल, तिला उद्या सकाळी शटर उघडायच्या आधी एक मालक द्या.