विटी, वेलांटी आणि नवं इंजिन

सात वर्षं एकाच गेम इंजिनवर हात बसला होता. दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं, आता गोडो शिकायचं. सरावाला खेळ घेतला विटी-दांडू. नियम तोंडपाठ, चित्रंही सोपी. दोन लाकडं आणि एक मैदान, त्याला किती वेळ लागणार? दीड महिना झाला, अजून बसलोच आहे.

१. नावावर जाऊ नका.
भाचीनं विचारलं, ‘मामा, गोडॉट म्हणजे काय?’ म्हटलं, गोडो म्हण. बेकेटच्या नाटकात दोघं जण ज्याची वाट बघतात आणि जो येतच नाही, तो. ‘मग असलं नाव कशाला ठेवलं?’ ते अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झुर यांना विचारायला हवं. त्यांनी घडवलेलं हे इंजिन २०१४ साली एमआयटी परवान्याखाली सगळ्यांना खुलं झालं. प्रत्यक्षात हा गोडो लगेच येतो. झिप उतरवायची, उघडायची, फाइल चालवायची. खातं नको की इन्स्टॉल नको. जुन्या सवयीनं मी उगाच ‘नेक्स्ट’चं बटण शोधत होतो.

२. व्हिडिओचं वय आधी बघा.
चौथी आवृत्ती मार्च २०२३ मध्ये आली आणि बरीच नावं बदलली. व्हिडिओतला मुलगा सांगतो, कायनेमॅटिकबॉडी-टूडी घ्या. यादीत ते नावच नाही! आता त्याला कॅरेक्टरबॉडी-टूडी म्हणतात. मूव्ह-अँड-स्लाइडच्या कंसात पूर्वी वेग द्यावा लागे, आता कंस रिकामा सोडायचा. एवढं कळायला माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

३. वर म्हणजे उणे.
पहिला टोला मारला तर विटी जागेवरच थरथरली, जमिनीत शिरायला बघत असल्यासारखी. माझ्या आधीच्या इंजिनात वर जायचं तर अधिक आकडा. गोडोच्या द्विमितीय जगात पडद्याचा वरचा डावा कोपरा शून्य, आणि खाली जावं तसा आकडा वाढतो. खेळाडूसाठी जो तयार कोड मिळतो त्यातही उडीचा वेग उणे ४०० लिहिलेला असतो. तो मी वाचला होता, पण मनावर घेतला नव्हता.

४. मनगटाचं ज्ञान आकड्यांत उतरत नाही.
विटीच्या निमुळत्या टोकावर दांडू मारून ती उडवायची आणि हवेत असतानाच टोला हाणायचा. दहाव्या वर्षी हे मला झोपेतही जमलं असतं. इथे मात्र दांडू विटीच्या आरपार जायचा. दहा टोल्यांत सात-आठ फुकट, आणि लागायचे तेही नशिबानं.

कारण शोधायला कागदावर हिशेब मांडला. गोडो भौतिकीचा हिशेब सेकंदाला ६० वेळा करतं. सेटिंग न बदलता मिळतो तो हाच आकडा. माझ्या दांडूचं टोक सेकंदाला साधारण ४,००० पिक्सेल वेगानं फिरत होतं. म्हणजे एका हिशेबापासून पुढच्यापर्यंत ते ६६ पिक्सेल सरकणार. विटीची जाडी बारा. पहिल्या क्षणी दांडू विटीच्या अलीकडे, दुसऱ्या क्षणी पलीकडे. मधे काय झालं हे इंजिनानं पाहिलेलंच नाही. सेकंदाला २४० हिशेब करून पाहिले. सुधारलं, पण ‘लागलं’ असं वाटेना.

शेवटी खरी टक्करच काढून टाकली. दांडूच्या टोकाची मागची जागा आणि आताची जागा यांच्यामध्ये जेवढी पट्टी पुसली जाते, तिच्यात विटी आहे का, एवढंच बघतो. असली तर तिला धक्का देतो. धक्क्याची दिशा मात्र खऱ्या मैदानासारखी ठेवली: मारायला उशीर झाला की विटी मागे जाते. हे शुद्ध फसवणुकीचं काम आहे. पण खेळताना मनगटाला पटतं, आणि मला तेवढं पुरे.

५. बटणं दाबायच्या आधी कान उघडा.
गोडोतल्या वस्तू एकमेकांना सिग्नल देतात. विटी जमिनीला टेकली की पंचाला कळावं, म्हणून सिग्नल जोडला. हिरवी खूण दिसली, पण पंच ढिम्म. झालं असं की रिजिडबॉडीत ‘कॉन्टॅक्ट मॉनिटर’ आपण चालू करावा लागतो, आणि किती स्पर्श नोंदवायचे तो आकडाही शून्याच्या वर न्यावा लागतो. दोन्ही केल्याशिवाय तो सिग्नल उमटत नाही, आणि तक्रारही कुठे दिसत नाही. ही रचना मला अजूनही आवडलेली नाही.

६. टॅब आणि स्पेस एका घरात नांदत नाहीत.
जीडीस्क्रिप्ट या गोडोच्या भाषेत तरी नाहीच. उचललेला कोड चिकटवलात की कळेल.

७. देवनागरी आपल्या संगणकावर तपासून काही कळत नाही.
माझ्यासाठी खरी परीक्षा ही होती. तिसऱ्या आवृत्तीत अक्षरांची जोडणीच नव्हती: ‘विटी’ लिहिलं की पहिली वेलांटी ‘व’च्या मागे जाऊन बसे, जोडाक्षरं फुटत. चौथ्या आवृत्तीत ही जोडणी करणारं हार्फबझ आलं. मी ‘विटी-दांडू’ टाइप केलं, सगळं जागच्या जागी, आणि खुर्चीतून उठून चहा ठेवला.

मग खेळ ब्राउझरसाठी काढला आणि भाचीला पाठवला. तिचा निरोप: ‘मामा, सगळे चौकोन आहेत.’ गोडोच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही. माझ्या लॅपटॉपवर गोडो गुपचूप सिस्टिमचा फाँट उसना घेत होतं. ब्राउझरमध्ये ती उसनवारी नाही. देवनागरीचा फाँट खेळातच घातला तेव्हा चौकोन गेले.

एक गंमत राहिलीच. गुण मी ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे मोजतो, तेलुगूतल्या आकड्यांशी नातं सांगणारी ही मोजणी आमच्या गल्लीत सगळ्यांना यायची. हे शब्द पडद्यावर एकेक अक्षर करून उमटवायचे होते. तर ‘लेंड’ येताना आधी ‘ल’, मग ‘ले’, मग ‘लें’. ‘श्री’ची तर चार पायऱ्यांत चिरफाड. लेबलमध्ये एक सेटिंग असतं, अक्षरं जोडण्याआधी कापायची की जोडून झाल्यावर. ‘नंतर’ निवडलं आणि ‘श्री’ सगळी एकदम आली.

८. खेळ आधी जाणत्याला दाखवा.
गेल्या रविवारी वडिलांसमोर लॅपटॉप ठेवला. वय ७४. त्यांनी स्पेसबार दाबला, विटी उडाली, दुसऱ्यांदा दाबला, टोला बसला. ‘वकट’ उमटलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

‘गल कुठंय?’

‘म्हणजे?’

‘अरे, गल. खड्डा. त्याच्यावर विटी आडवी ठेवायची, दांडूनं कोलायची, समोरचे झेलायला टपलेले. झेलली की तू बाद. कोलल्याशिवाय थेट टोला कसला मारतोस?’

खेळाची सुरुवातच मी गाळली होती. सध्या जमिनीच्या आकारात एक लांबट खड्डा पाडतोय. विटी त्याच्यावर आडवी ठरत नाही, घरंगळून आत पडते.