राजीनामा नंतर, तपासणी आधी

पन्नाशीच्या आत-बाहेर डिमेन्शिया होतो का? होतो. डिमेन्शिया आणणारा आणि पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेलेला आजार डॉ. अल्झायमर यांनी ज्या बाईवरून पहिल्यांदा नोंदवला, ती 1901 साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात आली तेव्हा 51 वर्षांची होती. भारतात 88 लाख रुग्ण असल्याचा जो अंदाज सांगतात, तो साठीपुढच्यांचा. त्याआधीचे त्यात धरलेलेच नाहीत.

या वयात विसराळूपणाच आधी दिसेल असं नाही. लालबागला मसाला करताना किलोभर मिरचीला धणे किती, लवंग किती, हे वर्षानुवर्षं तोंडपाठ असलेली बाई चिठ्ठी समोर ठेवूनही गोंधळते. मितभाषी माणूस चाळीच्या गॅलरीत उभं राहून शिव्या घालतो. घरचे म्हणतात टेन्शन आहे, पाळी जातेय, प्यायला लागलाय. कधीकधी तेच खरंही असतं, म्हणून तपासणी हवी.

सुरुवात रक्तापासून करा. बी-12 आणि थायरॉइड खाजगी लॅबमध्ये साधारण दीड-दोन हजारांत होतात. कमतरता निघाली तर उपचार स्वस्त आणि सुधारणा शक्य. नैराश्य, डोक्याला मार लागून साचलेलं रक्त, दारू यांनीही असंच चित्र दिसतं. दादर-गिरगावात खाजगी न्यूरॉलॉजिस्ट एका भेटीचे दीड ते तीन हजार घेतात, मेंदूचा एमआरआय पाच ते दहा हजार. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर किंवा भायखळ्याचं जे.जे. गाठलंत तर हाच खर्च बराच खाली येतो. केसपेपर किरकोळ, पण सकाळी लवकर रांग लावायची आणि एमआरआयच्या तारखेची वाट बघायची तयारी हवी. आकडे ढोबळ आहेत, फोन करून खात्री करा. मेडिक्लेम बहुतेकदा भरती झाल्याशिवाय पैसे देत नाही आणि महात्मा फुले योजनाही मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. त्यामुळे तपासण्या आणि रोजच्या गोळ्या बहुधा खिशातूनच. गोळ्यांसाठी जनऔषधी दुकानात आधी चौकशी करा.

पण खरा फटका पगाराचा. चाळिशी-पन्नाशीतला माणूस कमावता असतो, मुलं शिकत असतात, घराचे हप्ते चालू असतात. कामात चुका वाढल्या, मेमो आला की अपमानापोटी तो राजीनामा लिहून मोकळा होतो. तो लिहू देऊ नका. महापालिका, बेस्ट, सरकारी बँक अशा ठिकाणी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 आड येतं: नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही, पगार तोच ठेवून दुसरं काम द्यावं लागतं. खाजगी नोकरीत हे कवच नाही. तिथे पीएफच्या पेन्शनकडे बघा: नोकरी चालू असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दहा वर्षांच्या सेवेची अट सुटते, मात्र वैद्यकीय तपासणीत ते सिद्ध व्हावं लागतं. अपंगत्वाच्या यूडीआयडी प्रमाणपत्राला फी नाही. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त असल्याचं तज्ज्ञाने लिहून दिलं, तर जुन्या करप्रणालीत डिमेन्शियाच्या उपचारखर्चावर 40 हजारांपर्यंत वजावट मिळते. आयकरात तिला आजवर 80डीडीबी म्हणत आले.

कागदांची कामं माणूस शुद्धीत, समजून सही करू शकतोय तोवर उरका. बँक खात्यात पत्नीचं किंवा पतीचं नाव, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने. नॉमिनी. मृत्युपत्र. मुखत्यारपत्रावर विसंबू नका; देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यात ते संपतं, आणि बहुतेक कुटुंबांना हे बँकेच्या काउंटरवर कळतं. पागडीच्या खोलीची भाडेपावती एकट्या त्याच्या नावावर आणि इमारत पुनर्विकासाला निघालेली असेल, तर बिल्डरच्या करारावर सही कोण करणार? मग पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागू शकतं, वकिलाची फी आणि काही महिने घालून.

पुढे रुग्णाजवळ माणूस ठेवावा लागतो. ब्युरोकडून बारा तासांच्या पाळीला दिवसाचे सातशे ते हजार, म्हणजे महिन्याला वीस-तीस हजार. ठरवतानाच विचारा की आधी असा रुग्ण सांभाळलाय का, आणि सुट्टीच्या दिवशी बदली माणूस ब्युरो देणार का. पन्नाशीतला रुग्ण अंगाने धडधाकट असतो, जिना उतरून सरळ रस्त्याला लागतो. झोपून असलेल्या आजोबांची सवय असलेली आया तिथे पुरी पडत नाही. सांभाळणाऱ्या घरच्यांनाच बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मोफत, मराठीतूनही.