पोरं मोजून बसवलेला नाच

नांदूरघाटात नाच बसवणारा माणूस म्हटलं की लोक आधी लग्नाच्या हळदीचं विचारतात. मी तेही करतो. पण मुख्य काम शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगचं. या धंद्यात मी ज्यांना गुरू मानतो त्या समकालीन नर्तक अस्ताद देबूंना कधी भेटलो नाही. त्यांचं काम पाहिलं ते मोबाइलच्या पडद्यावर. तरी जे हाती लागलं ते असं.

१. आधी पोरं मोजा, मग गाणं ठरवा. दिवाळी झाली की केज तालुक्यातल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, आईबाप मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. सांभाळायला आजी नसेल तर पोरंही ट्रॅक्टरवर चढतात. गॅदरिंग असतं जानेवारीत. म्हणून मी ठरावीक जोड्या लावत नाही. प्रत्येकाला दोन जागा पाठ असतात. एक गेला तर दुसरा सरकतो.

२. गाण्यावर सगळा भार टाकू नका. देबूंनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कोलकात्याच्या ‘द अ‍ॅक्शन प्लेयर्स’मधल्या कर्णबधिर कलाकारांबरोबर काम सुरू केलं, पुढे चेन्नईच्या क्लार्क कर्णबधिर शाळेतल्या मुलींबरोबरही. ऐकू न येणारी माणसं मोजणीवर, नजरेवर, शेजाऱ्याच्या हालचालीवर एकत्र नाचतात. आमच्याकडं सगळ्यांना ऐकू येतं, पण वीज जाते. म्हणून तालीम टाळ्यांवर आणि आकड्यांवर. स्पीकर शेवटच्या आठवड्यात.

३. टीव्हीवर पाहून पोरं म्हणतात, “सर, कंटेम्पररी करू,” आणि थेट लोळण घेतात. त्यांना मी देबूंचा प्रवास सांगतो. १९४७ साली नवसारीत जन्म, लहानपणी प्रह्लाद दासांकडं कथक. मुंबईत कॉमर्स शिकताना मरे लुईस यांच्या अमेरिकन नृत्यमंडळींचा कार्यक्रम पाहिला आणि १९६९ मध्ये मालवाहू बोटीनं देश सोडला. लंडनला मार्था ग्रॅहमची पद्धत, न्यूयॉर्कला होसे लिमोनची. परत आल्यावर पुन्हा विद्यार्थी होऊन ई. के. पणिक्कर यांच्याकडं कथकली. एवढं ऐकून निम्मी पोरं लेझीमच्या रांगेत जाऊन उभी राहतात. उरलेल्यांना मी आधी नुसतं चालायला शिकवतो.

४. नुसतं चालणं सोपं नाही. देबू मंचावर इतके सावकाश सरकायचे की पाहणाऱ्याचा श्वास अडकावा. ही चाल आमच्या पोरींना लवकर जमते आणि त्याचं कारण मला फारसं आवडत नाही. त्यांनी आईला डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पाहिलेलं असतं. काहींनी स्वतः चढून पाहिलंय. मान ताठ, नजर समोर, आणि पाऊल फळीवर पूर्ण टेकल्याशिवाय मागचं उचलायचं नाही. त्यावर एक नाच बसवायचा विचार बरेच दिवस डोक्यात आहे. पण त्या बाया खुर्च्यांवर बसून तो पाहणार नाहीत, गॅदरिंगच्या वेळी त्या फडातच असणार. हे आठवलं की हात थांबतो. त्या परतल्यावर, उन्हाळ्यात, मारुतीच्या पारासमोर करावा असं आता वाटतं.

५. मानधन आधी ठरवा. “पोरांसाठीच तर आहे, सर,” हे वाक्य ऐकलं की आकडा कागदावर लिहून घ्या. मानसन्मानाच्या भरवशावर राहू नका, तो उशिरा येतो: देबूंनाही संगीत नाटक अकादमी पुरस्कार १९९५ मध्ये मिळाला, पद्मश्री २००७ मध्ये.

६. वाजवणारे कोपऱ्यात बसवू नका. मणिपूरचे पुंग चोलोमवाले ढोल वाजवताना उड्या घेतात, गिरक्या घेतात. देबूंनी त्यांना घेऊन आख्खे प्रयोग केले. आपले हलगीवाले वेगळं काय करतात? मी त्यांना मंचाच्या मध्यभागी आणतो. फक्त हलगी तापवायला जाळ लागतो आणि मंडपवाला कापडाजवळ जाळ करू देत नाही. तेव्हा शेकोटी मागं पटांगणात पेटवायची आणि नाचाचा पहिला प्रवेश तिकडूनच करायचा.