प्रकाशकणांचा चोख हिशेब

तिजोरीची किल्ली एकाच व्यक्तीच्या हाती सोपवू नये, हा बँकेच्या सेवेत शिकवल्या जाणाऱ्या पहिल्या धड्यांपैकी एक. दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात आणि त्यांच्या प्रत्येक हस्तांतराची नोंद वहीत होते. आज मात्र बँकेची मोठी संपत्ती माहितीच्या रूपाने संगणकांत आहे. ही माहिती एका शहरातून दुसऱ्या शहरात कूटबद्ध होऊन जाते. तिला कुलूप लावणारी किल्ली म्हणजे शून्य आणि एक या अंकांची लांबलचक मालिका. ही किल्ली दोन्ही टोकांना पोचवायची कशी आणि वाटेत तिची नक्कल झाली नाही हे ओळखायचे कसे, हा सुरक्षेतील कळीचा प्रश्न आहे.

प्रचलित पद्धती अवघड गणिताचा आधार घेतात. परंतु पुरेसा समर्थ क्वांटम संगणक तयार झाल्यास यांतील काही गणिते सुटू शकतील, असे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवले. आज कोणी चोरून साठवलेला संदेश उद्या उघडला जाऊ शकतो. वीस वर्षांच्या गृहकर्जाचा तपशील वीस वर्षे गुप्त राहिला पाहिजे. म्हणूनच क्वांटम की डिस्ट्रिब्युशन, अर्थात पुंज-किल्ली वितरण, या तंत्राकडे बँकिंग क्षेत्राचे लक्ष गेले आहे.

मूळ कल्पना

या विचाराचा उगम एका नोटेत आहे. नक्कल करणे अशक्य असलेल्या ‘क्वांटम नोटे’ची कल्पना स्टीफन विस्नर यांनी १९७० च्या सुमारास मांडली. तिच्यावरून प्रेरणा घेऊन चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी किल्ली वितरणाची रीत शोधली व ती डिसेंबर १९८४ मध्ये बंगळूर येथील परिषदेत सादर केली. ‘बीबी८४’ या नावाने ती प्रसिद्ध आहे.

यात प्रेषक एकेक प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, पाठवतो. प्रत्येकाची कंपनदिशा आडवी, उभी किंवा दोन तिरप्या दिशांपैकी एक असते. ग्राहक टोक ‘आडवी-उभी’ किंवा ‘तिरपी’ यांपैकी एक मोजणी यदृच्छया निवडते. नंतर दोन्ही टोके कोणती मोजणी वापरली एवढेच उघडपणे सांगतात आणि जुळलेल्या नोंदी ठेवतात. मध्ये कोणी प्रत्येक कण मोजून पुढे पाठवला, तर जुळलेल्या नोंदींपैकी सुमारे चतुर्थांश चुकतात आणि चोरी उघड होते. चुकांचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांच्या वर गेले, तर संपूर्ण किल्ली टाकून देतात.

२१ एप्रिल २००४ रोजी व्हिएन्ना शहरात नगर सभागृह व एक बँक यांच्यामध्ये क्वांटम किल्लीच्या संरक्षणाखाली पैशांचे हस्तांतरण झाले. त्या प्रयोगात परस्परगुंफित प्रकाशकणांच्या जोड्या वापरल्या होत्या. तंतूची लांबी होती अवघी दीड किलोमीटर.

अडचण अंतराची

उत्तम काचतंतूतही दर ५० किलोमीटरला दहापैकी नऊ प्रकाशकण नष्ट होतात. १०० किलोमीटरनंतर शंभरातील एक उरतो, २०० किलोमीटरनंतर दहा हजारांतील एक. प्रेषकाने सेकंदाला एक अब्ज प्रकाशकण सोडले, तरी ५०० किलोमीटरवर सरासरी दहा सेकंदांत एक पोचेल. साध्या दूरसंचारात संदेश वाटेत वर्धित करता येतो; येथे तसे करता येत नाही, कारण ज्या नियमामुळे चोराला नक्कल करता येत नाही, तोच नियम आपल्यालाही लागू आहे.

सुधारणेच्या वाटा

पहिली वाट म्हणजे नासाडी कमी करणे. दोन्ही मोजण्या सारख्याच वेळा वापरल्या, तर निम्म्या नोंदी वाया जातात. एक मोजणी बहुतेक वेळा व दुसरी केवळ तपासणीपुरती वापरली, तर बहुतेक नोंदी उपयोगी पडतात.

दुसरी वाट आपल्या अचानक तपासणीसारखी आहे. प्रत्यक्षात मंद लेझरच्या स्पंदात कधी कधी दोन कण निघतात आणि एक कण चोराला गुपचूप काढून घेता येतो. या भीतीने स्पंद अतिशय मंद ठेवावे लागत. २००३ ते २००५ या काळात विकसित झालेल्या रीतीत वेगवेगळ्या तीव्रतेचे फसवे स्पंद मधूनमधून मिसळतात. चोराला खरा व फसवा स्पंद ओळखता येत नाही आणि त्याची ढवळाढवळ आकडेवारीत दिसते. त्यामुळे सुरक्षितता राखूनही किल्लीचा वेग पुष्कळ वाढला.

तिसरी वाट डिटेक्टरची. प्रकाश नसतानाही उपकरण अधूनमधून खोटी नोंद करते. अंतर वाढून खरे कण विरळ झाले, की या खोट्या नोंदीच वरचढ ठरतात. उणे २७० अंश सेल्सियसच्या आसपास चालणारे अतिसंवाहक डिटेक्टर खोट्या नोंदी फार कमी करतात आणि आलेल्या कणांपैकी बहुतेक टिपतात.

चौथी वाट म्हणजे ताळमेळ. दोन्ही टोकांच्या मालिकांतील फरक शोधताना मालिकेचे भाग पाडून प्रत्येकाची बेरीज सम की विषम एवढेच कळवतात. ताळेबंद न जुळल्यास आपण खात्यांचे गट पाडून चूक शोधतो, तसेच हे. मात्र उघड केलेली प्रत्येक बेरीज चोरालाही कळते. म्हणून तितकी माहिती वजा धरून अंतिम किल्ली आखूड केली जाते. ताळमेळ जितका काटकसरीने होईल, तितकी किल्ली जास्त उरते.

पाचवी वाट २०१८ मध्ये सुचवली गेली. दोन्ही टोके मधल्या केंद्राकडे प्रकाश पाठवतात आणि तेथे एकाच कणाची नोंद पुरेशी होते. ४०० किलोमीटरवर दहा कोटींत एक या प्रमाणाऐवजी दहा हजारांत एक या प्रमाणात हिशेब येतो. मधल्या केंद्रावर विश्वास ठेवण्याचीही गरज उरत नाही. याच पद्धतीने २०२३ मध्ये चीनमधील संशोधकांनी १,००२ किलोमीटरचा पल्ला गाठला. एवढ्या अंतरावर किल्लीचा वेग अर्थातच अत्यल्प होता.

वेगापेक्षा विश्वास

निसर्गनियम निर्दोष असला, तरी यंत्र तसे असेलच असे नाही. तीव्र प्रकाश पाडून डिटेक्टर ‘आंधळा’ करता येतो आणि चोरीची चाहूलही लागत नाही, हे संशोधकांनी २०१० मध्ये बाजारातील उपकरणांवर दाखवून दिले. २०१२ मध्ये सुचवलेल्या नव्या रचनेत डिटेक्टर परक्याच्या ताब्यात असला, तरी किल्ली सुरक्षित राहते. शिवाय समोर बोलणारा खरोखर आपलाच आहे ना, ही ओळख क्वांटम तंत्र आपोआप पटवत नाही. त्यासाठी आधीचे एखादे सामायिक गुपित किंवा स्वाक्षरीची व्यवस्था लागते.

भारतातही पावले पडत आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ व आयआयटी दिल्ली यांनी प्रयागराज ते विंध्याचल हे १०० किलोमीटरहून अधिक अंतर नेहमीच्या दूरसंचार तंतूवरून पार केले. एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी मिळाली. २,००० किलोमीटरपर्यंतचे सुरक्षित दळणवळण हे त्याचे एक उद्दिष्ट आहे.

या साऱ्या प्रगतीत एक शिस्त समान आहे. जे निश्चितपणे आपले आहे तेवढेच जमेस धरायचे आणि जे संशयास्पद आहे ते निःसंकोच वजा करायचे. किल्ली थोडी कमी मिळाली तरी चालते. संशयित किल्ली वापरणे चालत नाही. दोन केंद्रांमधील वाट उद्या प्रकाशकण राखतील. परंतु ग्राहकाने स्वतःचा पासवर्ड फोनवर कोणाला सांगितला, किंवा कर्मचाऱ्याने आपला तो सहकाऱ्याला दिला, तर तेथे पुंजभौतिकी काहीच करू शकत नाही. ती किल्ली आपल्याच हाती आहे.